बहिऱ्या मास्तरांचा बँड

ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या उरलेल्या दाढा आत्ता ह्या क्षणी गळून पडोत. ह्या वयात दाढेची शपथ म्हणजे काय, ते ज्याला उसाचं कांडं चावता येत नाही त्याला विचारा. देवाची शपथ मी घेत नाही, ती खोटारड्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केलीय. माझी नात म्हणते, आजी, मागच्या खेपेला त्या साहेबाला टक्कल होतं, आज तू त्याला भांग पाडलास. उगवले असतील मधे. केसांचं सोडा, बाकी सगळं खरं.

तर उपळेकर घामाने निथळत होता. थंडीचे दिवस, रविवारची सकाळ, जयंती टॉकीजच्या पायरीवर लोक मफलर गुंडाळून चहा पीत होते, आणि ह्याच्या कुडत्याला पाठीवर नकाशा उमटलेला.

"प्रमिलाताई, साहेब आलेत," तो म्हणाला.

"कुठले साहेब?"

"जिल्ह्याचे. निंबाळे साहेब. जीप आहे, पोलीस आहे बरोबर."

"मग त्यांना वर्गणी भरायला सांगा. सभासद नसलेल्याला आपण आत सोडत नाही."

"थट्टा नको हो. आणीबाणी आहे." हे त्याने असं सांगितलं, की जशी काही आणीबाणी त्या जीपमधूनच उतरली होती.

हा उपळेकर म्हणजे कॉलेजातला प्राध्यापक आणि आमच्या फिल्म सोसायटीचा अध्यक्ष. दाढी राखलेली, तोंडात पाइप. पाइपमध्ये तंबाखू नसायची, कारण बायकोला वास चालायचा नाही. पण महिन्यातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये हा उभा राहायचा आणि चेक आणि स्लोव्हाक सिनेमावर बोलायचा. तिकडे रशियाचे रणगाडे कसे घुसले, चांगल्या चांगल्या फिल्मांना कुलपं कशी लागली, फिल्मा काढणारे लोक खिडक्या पुसायला आणि भट्ट्या पेटवायला कसे लागले. इतकं रंगवून सांगायचा की वाटावं, एक रणगाडा ह्याच्याच पायावरून गेलाय. शेवटी पाइप हातात घेऊन म्हणायचा, "कलावंताने सत्तेच्या डोळ्याला डोळा भिडवला पाहिजे." आणि मग सगळे मिसळ खायला जायचे.

मी त्या सोसायटीत होते माईकसाठी. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच फिल्मांना खाली इंग्रजी अक्षरं नसायची. पेटीत नुसते संवादांचे कागद यायचे, तेही त्यांच्या भाषेत. मग कुणाकडून तरी अर्थ लावून घ्यायचा, मराठीत उतरवायचा, आणि पडद्याच्या कडेला टेबल टाकून, लहान दिवा लावून, फिल्म चालू असताना माईकवर वाचायचा. हे काम आधी पुरुष करायचे. पण त्यांना अर्थ सांगता सांगता स्वतःचं मत सांगायची खोड. एकदा एकाने नायिका मरताना तिला तीन सल्ले दिले. तेव्हापासून माईक माझ्याकडे.

त्या दिवशीची फिल्म स्लोव्हाक होती. कागदांचा अर्थ मला लावून दिला झुझानाने. ही आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायची. तिचा नवरा पावेल कारखान्यात नवं टर्बाईन बसवायला आला होता, आणि आमचे हे तिथेच लॅबमध्ये. झुझानाची माझी ओळख झाली खसखशीवरून. तिने वाण्याकडे एकदम दोन किलो खसखस मागितली आणि वाणी घाबरून आमच्याकडे आला, "वहिनी, गोरी बाई काहीतरी भलतंच करणार." ती खसखशीची गोड गुंडाळी करायची, केळीच्या खांबाएवढी. मराठी बाजारात शिकलेली, त्यामुळे प्रत्येक वाक्यात घासाघीस.

ती फिल्म तिच्या भावाची होती. ओन्द्रेय त्याचं नाव. तिकडे ती आठवडाभर चालली आणि कुलपात गेली. ओन्द्रेय आता एका इस्पितळाच्या तळघरात बॉयलरला कोळसा घालत होता. फिल्म लागली तेव्हा झुझाना नवऱ्याबरोबर इकडे आलेली, म्हणून तिने ती कधी पाहिलीच नव्हती. आणि ही एक प्रत मागे कधीतरी दिल्लीच्या कुठल्याशा महोत्सवाला आली, परत जायची राहिली, आणि पत्र्याच्या पेटीतून ह्या सोसायटीतून त्या सोसायटीत फिरत आमच्या गावी पोचली. पेटीवर कुणीतरी "वाद्यसंगीत, माहितीपट" असं लिहिलं होतं. त्या दोन शब्दांनीच ती वाचली होती.

झुझानाने मला बजावलं होतं, "प्रमिला, कोणाला नाही बोलायचं. कळलं तर पेटी परत. परत गेली तर जाळणार. भाऊला पण त्रास."

मी नाही बोलले. मी खोटं बोलते, पण चहाडी करत नाही. बोलला उपळेकर. त्याला कुठल्याशा मासिकातून बंदीचं कळलं, आणि तो गावभर सभासदांच्या कानात कुजबुजत सुटला, "बंदी घातलेली फिल्म आणतोय, आहात कुठे." कुजबुज जिल्ह्यापर्यंत जायला कितीसा वेळ लागतो.

"कागद द्या इकडे," उपळेकर म्हणाला.

"कुठले?"

"तुमचे मराठीचे. त्यात काय काय आहे. 'वरून आलेला माणूस बहिरा आहे हे सगळ्यांना माहीत आहे.' कुणी वाचलं म्हणजे?"

"वाचण्यासाठीच लिहिलेत."

त्याने माझ्या हातातून कागद ओढले आणि सरळ चहावाल्याच्या शेगडीत घातले. चहावाल्याला वाटलं मदत करतायत, तो म्हणाला, "अजून असले तर द्या सर, कोळसा ओला आहे." सत्तेच्या डोळ्याला डोळा भिडवणारा माणूस माझं आठवड्याचं काम जळताना बघत होता, आणि त्याच्या तोंडात तो रिकामा पाइप.

तेवढ्यात निंबाळे साहेब आले. बुटका, गोल, भांग पाडलेला, सफारी घातलेला. बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघायचा.

"ही कसली फिल्म आहे?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"साहेब, आम्हाला खरं म्हणजे काहीच कल्पना नाही," उपळेकर म्हणाला. "वरून आली. आम्हालाही शंका होतीच. तुम्ही आत्ताच पेटी ताब्यात घेतलीत तरी सोसायटीची हरकत नाही."

"बघून घेतो. वावगं काही दिसलं तर पेटी जीपमध्ये."

झुझाना माझ्यामागे उभी होती. तिने माझा पदर धरला. "पेटी घेणार?"

"बघू."

"प्रमिला, मला शेवटपर्यंत बघायचं आहे. नंतर घेऊ दे. नको, नंतर पण नको घेऊ दे."

"तू जाऊन बस," मी म्हटलं. "आणि मी माईकवर काय बोलते तिकडे लक्ष देऊ नकोस."

साहेबासाठी पहिल्या रांगेच्याही पुढे मॅनेजरच्या खोलीतला कोच आणून ठेवला होता. लाल रेक्झिनचा. त्या कोचाची एक स्प्रिंग मोकाट होती, कुणाला कधी गाठेल नेम नाही, म्हणून मॅनेजर स्वतः स्टुलावर बसायचा. उपळेकर साहेबाच्या मागच्या रांगेत, साहेबाच्या मानेवर श्वास टाकत. हॉल गच्च भरलेला. गावाला सिनेमात रस होता असं नाही, आत पोलीस गेलाय म्हटल्यावर सगळे आत.

दिवे गेले. मी टेबलाशी, बाजूला लहान दिवा, समोर कागद नाही.

फिल्म अशी होती. एका खेड्यात बँड असतो. बँडचा म्हातारा मास्तर मरतो. शहरातून नवा मास्तर पाठवतात, तो ठार बहिरा. पण वरून आलेला, त्यामुळे कुणी म्हणायचं नाही. जो म्हणतो तो गायब होतो. मग वाजवणाऱ्यांच्या हळूहळू लक्षात येतं, की फुंकलं काय नि नाही काय, ह्याला कळतंय कुठे.

पडद्यावर नवा मास्तर गाडीतून उतरला. सरपंच पुढे होऊन दुसऱ्याच्या कानात म्हणाला, ह्याला ऐकू येत नाही बहुतेक. मी माईकवर सांगितलं, "सरपंच म्हणतो, साहेब वेळेवर आले. हल्ली गाड्या फार वेळेवर येतात."

कोचावर साहेबाची मान हलली.

मग मी सुटलेच. दोन माणसं ढोल वाजवणाऱ्याला बखोटीला धरून ओढत घेऊन गेली, तो ओरडतोय, त्याची बायको मागे धावतेय. मी म्हटलं, "ढोलवाल्याला सरकारी खर्चाने विश्रांतीला नेत आहेत. आनंदाने ओरडतो आहे. बायको म्हणते, मलापण न्या." गुत्त्यात सगळे पेले आपटून वरच्यांना शिव्या देतात, तो प्रसंग आला. मी म्हटलं, "काकवीचं सरबत पिऊन ग्रामस्थ दारूबंदीचा ठराव पास करत आहेत. एकमताने." एक पोरगा आणि पोरगी गवताच्या गंजीमागे गेली. पोलीस पुढे झुकला. मी म्हटलं, "बिनहुंड्याची बोलणी चालू आहेत. मुलगी म्हणते, दोनच मुलं. मुलगा म्हणतो, एक."

मागून कुणीतरी म्हणालं, "बोलणी फार जवळून चाललीत." हॉल हसला. साहेबाने मागे वळून बघितलं तसा गप्प झाला.

झुझाना तिसऱ्या रांगेत कडेला. मला तिचा चेहरा दिसत होता. खरं काय ते तिच्या कानात स्लोव्हाकमध्ये जात होतं, माझं खोटं मराठीत, आणि ती ओठ चावत होती. रडतेय का हसतेय, कळेना.

उपळेकर मात्र मान डोलवत होता. मधेच पुढे वाकून साहेबाला म्हणाला, "मी ही फिल्म मुद्दाम निवडली, साहेब."

असं करत शेवट आला. गावात मोठा उत्सव, पाहुणे, पताका. बँड उभा राहिला. बहिऱ्या मास्तराने काठी उचलली, खाली आणली, आणि आवाज बंद झाला.

बँडवाले गाल फुगवतायत, बोटं नाचवतायत, ढोलावर टिपरू ढोलाच्या वीतभर अलीकडे थांबतंय, आणि आवाज नाही. साधी पायाची खसफस नाही. मला कुठून माहीत असणार. माझ्याकडे होते ते संवादांचे कागद, आणि जिथे कुणी बोलतच नाही तिथे कागदावर काय असणार. झुझानालाही माहीत नव्हतं.

आमच्या गावाने आयुष्यात जे केलं तेच केलं. "आवाज," कुणीतरी ओरडलं. मग शिट्ट्या. मग सगळीकडून, "ए, आवाज. आवाज सोड." बाल्कनीतून चप्पल आली. ऑपरेटरला वाटलं त्याचं मशीन गेलं, तो वरच्या भोकातून डोकं काढून म्हणाला, "सगळं चालू आहे हो, माझी चूक नाही." साहेबाने भिंतीकडे बघितलं, भिंत नव्हती, पडदा होता.

"हे काय आहे?" साहेब म्हणाला. "आवाज का बंद केला? आवाज बंद करून काय दाखवताय?"

उपळेकर पांढरा पडला. "साहेब, ह्याचीच मला शंका होती," तो म्हणाला. "बघा, ह्याचीच."

पोलिसाने काठी उचलली. झुझाना माझ्याकडे बघत होती. आणि माझी थापांची पोतडी, जी जन्मात कधी रिती झाली नव्हती, ती रिती. तोंड उघडलं तर आत जीभ नुसती.

मग मी माईक जवळ ओढला आणि सांगितलं, "ही शांतता म्हणजे शिस्तीला मानवंदना आहे. सर्वांनी कृपया उभं राहावं."

साहेब उठला. साहेब उठल्यावर उपळेकर उठला. उपळेकरामागची रांग उठली, मग तिच्यामागची, खुर्च्या खटखट मिटत गेल्या थेट बाल्कनीपर्यंत. वकील, डॉक्टर, व्यापारी, कॉलेजची पोरं, पोलीस, चहाची किटली घेऊन आलेला चहावाला, सगळा गाव हात मांड्यांना चिकटवून ताठ. शिट्टी नाही, खोकला नाही. पडद्यावर ते गाल फुगवतायत, इकडे आम्ही. दोन्हीकडे चिडीचूप.

झुझाना एकटी बसलेली. आणि ती हसायला लागली. आधी तोंडावर रुमाल, मग रुमाल पडला. त्याच वेळी पडद्यावर जुन्या मास्तराची मुलगी हसायला लागली, तेवढाच एक आवाज फिल्ममध्ये परत आला. कुठलं हसू कुणाचं, कळेना.

साहेबाची मान वळली. "त्या बाई का हसतायत?"

"साहेब," मी माईकवर म्हटलं, "त्यांच्या देशात मानवंदना हसून देतात."

साहेबाने क्षणभर विचार केला. मग तो हसला. दात न दाखवता, कामापुरता. उपळेकर मोठ्यांदा हसला. मग सगळा हॉल हसला, पंचक्रोशीतली कुत्री भुंकायला लागली. माझी नात म्हणते कुत्री नंतर घातलीस. होती कुत्री.

दिवे लागल्यावर साहेब म्हणाला, "उत्तम. शिस्त अशी पाहिजे. पेटी परत पाठवू नका. तालुक्यातल्या गावागावांत दाखवा. माईकवाल्या बाईंना बरोबर न्या." आणि उपळेकराकडे वळून, म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे, "तुम्ही तर म्हणत होतात शंका आहे."

"शंका म्हणजे, साहेब, कुतूहल," उपळेकर म्हणाला.

पुढचं वर्षभर ती फिल्म सरकारी जीपमधून हिंडली. जिला बाहेर काढायला तिकडे बंदी होती, ती आमच्याकडे देवळाच्या पटांगणात, धुतलेल्या धोतरावर. प्रत्येक गावात मी गोष्ट वेगळी सांगितली. एका गावात तो मास्तर बी-बियाणं खात्याचा होता. झुझाना जमेल तेव्हा यायची, पुढे मांडी घालून बसायची, आणि बँड गप्प झाला की माझ्याकडे बघायची.

मग आणीबाणी उठली, आणि उपळेकराला कंठ फुटला. त्याचा सत्कार झाला. शाल, नारळ, पेढे. दडपशाहीच्या काळात बंदी घातलेली फिल्म सरकारच्या नाकावर टिच्चून दाखवणारा झुंजार माणूस. मी पुढच्याच रांगेत होते. हा पाइप हातात घेऊन म्हणाला, "आणि त्या क्षणी संपूर्ण सभागृह निषेध म्हणून उत्स्फूर्तपणे उभं राहिलं." सभेत निम्मे तरी लोक असे होते, जे त्या दिवशी उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःसाठीच वाजवत होते, मग जोरात वाजणारच.

मी पेढा घेतला नाही. खरं तर दोन घेतले, पण त्याच्याकडे न बघता.

टर्बाईन फिरायला लागलं आणि झुझाना गेली. पेटी राहिली माझ्याकडे, पलंगाखाली, कडुनिंबाचा पाला घालून. बारा-तेरा वर्षं गेली असतील. तिकडचं सरकार पडलं, आणि एके दिवशी फोन आला.

"प्रमिला, मी झुझाना. पेटी आहे?"

"आहे. घासाघीस करू नकोस, देणार."

 ती म्हणाली, तिकडे कुलपातून ओन्द्रेयची फिल्म निघाली, पण शेवट नाही. बँड गप्प होतो तेवढा तुकडा कापून टाकला होता. तिचा भाचा विमानाने आला आणि पेटी घेऊन गेला. देवळातली धूळ, धोतराच्या सुरकुत्या, चप्पल लागल्याची खूण सोडून बाकी सगळं त्यात होतं.

ओन्द्रेय तेव्हा आजारी होता. त्याला पलंगावरूनच दाखवली. झुझानाने नंतर सांगितलं, तो शेवट बघून झाल्यावर त्याने एकच विचारलं. तिकडे तुझ्या गावात ह्या ठिकाणी लोकांनी काय केलं?

"मग तू काय सांगितलंस?"

"उभे राहिले, सांगितलं. तो विचारतो, का? मी सांगितलं, माझी मैत्रीण माईकवर होती. तिने सांगितलं उभे राहा, म्हणून उभे राहिले." आणि म्हणाली, "बरोबर केलं ना, प्रमिला? तुमचे लोक आहेत. माझ्या भाऊसमोर लाज नको."

बरोबर केलं म्हटलं. आणि तेव्हापासून मीही तसंच सांगते.

तेवढा एक तपशील सोडा. मी माईकवर कुणाला उभं राहायला सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडातून शब्दच फुटला नव्हता. कोचाची स्प्रिंग लागली म्हणून साहेब उठला.